शेठ, गच्चीची किल्ली द्या

प्रति,
आमच्या व्यापारी संकुलाच्या गच्चीचे स्वयंघोषित मालक,
पनवेल, जि. रायगड.

शेठ,


हे पत्र तुमच्या पेढीवर आणून देता आलं असतं. आधीची दिली, तसंच. पण त्या पत्रांचं पुढे काय झालं, ते आम्हाला आजवर कळलेलं नाही. संकुलाच्या सभेला तुम्ही येत नाही. फोन केला की "बघतो" म्हणता. रस्त्यात गाठलं तर "एवढा पावसाळा जाऊ द्या, मग करू" म्हणता, आणि पावसाळा गेला की "आता कुठे गळतंय?" असं आम्हालाच विचारता. म्हणून चारचौघांत लिहितो आहे. तुमचं नाव घालत नाही. उरण नाक्यापासून नवीन पनवेलपर्यंत आणि पुढे कळंबोलीच्या लोखंड बाजारापर्यंत तुमच्यासारखे शेठ पुष्कळ आहेत. ज्याला लागेल त्यानं ते स्वतःला लावून घ्यावं.

मुद्दा गच्चीचा आहे. खाली दुकानं, पहिल्या मजल्यावर दवाखाना, दुसऱ्यावर शिकवणीचे वर्ग, तिसऱ्यावर सीएचं ऑफिस आणि माझं झेरॉक्स-बाइंडिंगचं दुकान. त्याच्यावर स्लॅब, आणि स्लॅबवर तुम्ही. म्हणजे तुमची पत्र्याची शेड, तिच्यात जुने फ्लेक्स, मोडकी टेबलं, मंडपाचे बांबू, जनरेटरच्या डिझेलचे कॅन. शिवाय जिन्याच्या दाराला तुमचं कुलूप. वरचा गाळा विकत घेतला म्हणजे वरचं आभाळही आपलंच, असा तुमचा समज आहे. तो खोडायला मला वकील लागत नाही. २०१६ च्या रेरा कायद्यात सामाईक जागांची व्याख्या दिली आहे. तिच्यात जिने, आगीतून सुटकेचे मार्ग आणि गच्च्या स्पष्ट लिहिलेल्या आहेत. आपली इमारत त्या कायद्याच्या आधीची आहे, हे तुम्ही लगेच म्हणाल. पण इमारत जुनी म्हणून सगळ्यांची गच्ची एकट्याची होत नाही.

हिशेबात तुम्ही पक्के आहात, म्हणून आधी हिशेबच मांडतो. आपली गच्ची साधारण दोन हजार चौरस फुटांची, म्हणजे १८६ चौरस मीटर. रायगड जिल्ह्यात वर्षाचा पाऊस सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पडतो. म्हणजे या एका गच्चीवर चार महिन्यांत साडेपाच लाख लिटरहून जास्त पाणी येतं. ते सगळं दोन पाइपांतून खाली जायचं आहे. त्यातल्या एका पाइपाच्या तोंडावर तुमच्या शेडचा खांब उभा आहे.

दुसऱ्या पाइपाचं तोंड मी स्वतः पाहिलं. टाकीच्या दुरुस्तीसाठी प्लंबर आला आणि नाइलाजानं तुम्ही कुलूप काढायला माणूस पाठवलात, त्याच्यामागून मी वर गेलो. कोपऱ्यात जाळी नव्हती. जाळीची गंजलेली कड तेवढी सिमेंटात रुतून राहिली होती. प्लंबरनं हात घालून आतला गाळ उपसला. गुटख्याच्या पुड्या, कबुतरांची पिसं, थर्माकोलचे तुकडे, फ्लेक्सच्या कडेची रिंग, सुतळीचा गुंता, आणि हे सगळं धरून ठेवणारा काळा चिखल. त्या चिखलात गवत उगवलं होतं. शेजारी कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तिथला सिमेंटच्या गोलाईचा वाटा फुटला होता, आणि त्या फटीतून हातभर उंचीचं पिंपळाचं रोप वर आलं होतं. प्लंबर म्हणाला, "हे ओढू नका, मूळ आत गेलंय. ओढलं तर कठड्याचा तुकडा हातात येईल." ते रोप एका पावसात आलेलं नव्हतं. कुणी पाहत नव्हतं, म्हणून ते वाढलं. तुम्ही कुणाला पाहू दिलं नाहीत.

पाइप तुंबला की पाणी साठतं, आणि पाण्याला वजन असतं. दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १०० किलो. आपल्या अख्ख्या गच्चीवर ते साठलं तर साडेअठरा टन होतं. माणसांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी आपलं भारतीय मानक दर चौरस मीटरला साधारण १५० किलोंचा वापरातला भार धरायला सांगतं. जिथे कुणी जात नाही अशा छतासाठी त्याच्या निम्माच. म्हणजे गुडघा दूरच, घोटा बुडेल एवढं पाणी साठलं तरी स्लॅबच्या वाट्याची बरीचशी सोय संपते. त्याच स्लॅबवर तुमची शेड आहे, फ्लेक्सचे गठ्ठे आहेत आणि टाकी आहे. इंजिनिअरनं हिशेब केला तेव्हा यातली फक्त टाकी त्याच्या कागदावर होती.

"माझी शेड आहे म्हणून तर खाली गळत नाही," असं तुम्ही एकदा म्हणालात. हे अर्धवट ज्ञान आमच्या छातीवर बसलं आहे, म्हणून सविस्तर सांगतो. शेडचे खांब उभे करताना तुम्ही पायाच्या पट्ट्या बसवायला स्लॅबमध्ये भोकं पाडलीत. आपल्या गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आहे आणि त्यावर चायना मोझॅकचे पांढरे तुकडे. तेच आपलं वॉटरप्रूफिंग. तुमचा प्रत्येक बोल्ट ते फोडून खाली गेला आहे. शेडच्या छपराचं सगळं पाणी एकाच कडेनं खाली पडतं आणि थेट त्या पट्ट्यांपाशी साठतं. भोकातून ते कोब्यात शिरतं, कोब्यातल्या पोकळीतून उताराकडे सरकत जातं, आणि जिथे स्लॅबला तडा सापडेल तिथे खाली उतरतं. म्हणून भोक तुमच्या शेडखाली आणि गळती माझ्या कटिंग मशिनवर. गवंडी माझ्या छताला प्लास्टर करून जातो, पैसे घेऊन जातो, आणि पुढच्या पावसात डाग दोन फूट सरकलेला असतो. खालून लावलेल्या कुठल्याही रसायनानं वरून येणारं पाणी थांबत नाही, हे पनवेलमधला कुठलाही प्रामाणिक वॉटरप्रूफिंगवाला सांगेल.

आणि हे फक्त कागद भिजण्यावर थांबत नाही. पाणी सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो. काँक्रीटच्या आत ती जागा नसते, म्हणून तो काँक्रीट फोडून बाहेर येतो. आधी प्लास्टरला पोपडे, मग सळईच्या रेषेत तडा, मग एक दिवस ढलपा खाली. दुसऱ्या मजल्यावर दहावीची पोरं बसतात, त्यांच्या जिन्याच्या माथ्यावर असा ढलपा पडून गेला आहे. सुदैवानं रात्री पडला. तुम्हाला कळवलं होतं. "चुना लावून घ्या" असं उत्तर आलं.

आता वाऱ्याकडे येतो.

३ जून २०२० हा दिवस रायगडात कुणी विसरलेलं नाही. निसर्ग चक्रीवादळ आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलं, ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्यानं. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा या पट्ट्यात घरांची, शाळांची, गोठ्यांची छपरं उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी १७ मे रोजी तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकलं. पनवेल किनाऱ्यापासून आत आहे, डोंगरांच्या आडोशाला आहे, म्हणून आपण वाचलो असं तुम्हाला वाटतं. वाऱ्याला आपल्या तालुक्याची हद्द ठाऊक नसते.

तुमच्या शेडचा पत्रा अर्धा मिलिमीटर जाडीचा आहे. त्याचं वजन दर चौरस मीटरला चार किलोंच्या आसपास. ताशी ११० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला ५५ किलोंच्या पुढे जातो. कडेला आणि कोपऱ्यांत ओढ त्याहून जास्त असते, कारण वारा तिथे वळतो आणि पत्र्याला वर खेचतो. शेड चारही बाजूंनी मोकळी असली की खालून शिरलेला वारा तोच पत्रा वर ढकलतो. चार किलोंच्या पत्र्यावरची पन्नास किलोंची ओढ रोखून धरायची असते ती पत्रा आवळून धरणाऱ्या जे-हुकांनी. तुमचे हुक मी पाहिले आहेत. निम्म्यांचे नट गायब, वायसरच्या जागी रबराचा भुगा, आणि कोपऱ्यातला एक पत्रा बांधकामाच्या तारेनं खांबाला करकचून बांधलेला. त्यावर दगड ठेवले आहेत. चौथ्या मजल्याच्या उंचीवर सुटे दगड, आणि खाली रिक्षास्टँड, भाजीवाल्या, क्लास सुटल्यावर वडापावच्या गाडीभोवती उभी राहणारी पोरं.

जून आला की पनवेलच्या पुलावरून गाव पाहावं. अर्ध्या इमारतींच्या माथ्यावर निळी ताडपत्री, तिच्यावर टायर, विटा, फरश्यांचे तुकडे. गळतीवरचा हा उपाय स्वस्त आहे, असं सगळ्यांना वाटतं. वादळात ताडपत्री फाटते आणि विटा रस्त्यावर येतात. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर १२० फूट बाय १२० फुटांचं होर्डिंग कोसळलं, १७ माणसं गेली. ते जमिनीत उभं होतं, गच्चीवर नव्हे. पण कारण तेच: वाऱ्याला सामोरा जाणारा मोठा पृष्ठभाग, आणि त्याला धरून ठेवणाऱ्या पायाचा कुणी न केलेला विचार. तुमच्या शेडच्या दर्शनी बाजूला एका बिल्डरचा फ्लेक्स आहे. त्याचं भाडं तुम्हाला मिळतं आणि धोका रस्त्यावरच्या माणसाला.

आगीचं लिहिताना माझा हात थरथरतो, शेठ. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री मुंबईत लोअर परळला कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली. वर बांबू, ताडपत्री, प्लास्टिक, सजावटीचं कापड. बघता बघता सगळं पेटलं. १४ माणसं गेली, त्यांतली बरीच स्वच्छतागृहात अडकून धुरानं गुदमरली. तिथे होतं तेच सामान तुमच्या शेडमध्ये आहे, वर डिझेलचे कॅन आणि एका जुन्या वायरीवर टांगलेला बल्ब. त्या रात्रीच्या बातम्या तुम्हीही पाहिल्या असणार, आणि तरी दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या दाराला कुलूपच लावलंत.

खालच्या मजल्यावर आग लागली तर धूर जिन्यानं वर चढतो. खाली जाता येत नाही तेव्हा माणसं वर पळतात. वर मोकळी हवा आहे, अग्निशमन दलाची शिडी पोचू शकते, निदान श्वास घेता येतो. तिथे पोचून माणसाला तुमचं कुलूप दिसणार. त्याची किल्ली तुमच्या पेढीत, आणि पेढी रात्री आठला बंद. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यायचा असतो. हे बंधन मालकावर आहे, तसंच जागा वापरणाऱ्यावरही आहे. आमच्यापैकी प्रत्येकजण त्यात येतो. म्हणून तुमच्या कुलपाचा जाब आम्हालाही द्यावा लागणार आहे, आणि म्हणूनच आम्ही आता गप्प बसणार नाही.

विजेचं थोडक्यात. जिन्याच्या टोपीवर वीजरोधकाची काठी आहे, पण तिच्यापासून जमिनीत जाणारी तांब्याची पट्टी दुसऱ्या मजल्याच्या वर कापलेली आहे. कुणी कापली माहीत नाही. ती कापलेली आहे हेच कुणाला माहीत नव्हतं, कारण वर जायला मज्जाव. मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरात इथे कशा विजा कडाडतात ते तुम्हाला सांगायला नको. तुटलेल्या पट्टीची काठी वाचवत नाही, उलट वीज अर्ध्यावर आणून सोडते.

सगळ्यांत जास्त राग मला ज्या गोष्टीचा आहे ती अजून लिहायची आहे. गळतीचा, भिजलेल्या कागदाचा राग मी गिळेन. पण तुम्ही दर मे महिन्यात "दोन पोरं पाठव वर" म्हणून ठेकेदाराला फोन करता, त्याचा राग मी गिळणार नाही. तळोजा एमआयडीसीत तुमचं गोदाम आहे, त्याला सिमेंटचे पत्रे आहेत. तिथेही हीच दोन पोरं जातात. हेल्मेट नाही, कमरेला पट्टा नाही, पायात स्लीपर. सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन पेलायला बनवलेला नसतो. नवा असताना ठीक वाटतो; दहा-पंधरा पावसाळ्यांनंतर शेवाळ धरतो, उन्हानं ठिसूळ होतो आणि पाऊल पडलं की फुटतो. उजेडासाठी मध्येमध्ये घातलेले फायबरचे पत्रे धुळीनं इतके काळवंडतात की वरून कुठला पत्रा कुठला, ते ओळखू येत नाही. पोरगा त्यावर पाय देतो आणि वीस फूट खाली काँक्रीटच्या फरशीवर जातो. पेपरात दोन ओळी येतात: "छतावरून पडून कामगाराचा मृत्यू." ठेकेदार म्हणतो, बेसावध होता.

बेसावध तो नव्हता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की पत्र्यावर पाय द्यायचा तर बोल्टांच्या ओळीवर द्यावा, कारण त्याच्याखाली कैचीवरची आडवी पट्टी असते. त्याला कुणी दोन फळ्या दिल्या नव्हत्या, ज्या पत्र्यांवर आडव्या टाकून त्यांवरून सरकता आलं असतं. त्याच्यासाठी कुणी दोर बांधला नव्हता. कारखाने अधिनियम १९४८ च्या ३२ व्या कलमातच उंचावर काम करणारा माणूस पडणार नाही अशी व्यवस्था करायला सांगितलं होतं. त्या पोराच्या आधी, त्याच्या बापाच्याही आधीचा हा कायदा होता. दोन फळ्या, एक दोर, एक पट्टा. हे तुमच्या गोदामाच्या कोपऱ्यात नसेल तर तुमच्या गोदामातल्या बाकी कुठल्याही मालाची मला पर्वा नाही.

आणि यातलं एकही काम अवघड नाही, याचंच वाईट वाटतं. पाइपाच्या तोंडावर घुमटासारखी जाळी बसवायची आणि पावसाळ्यात दर आठवड्याला गाळ काढायचा, हे वॉचमनचं अर्ध्या तासाचं काम. पिंपळाचं रोप मुळासकट काढून वाटा नव्यानं करायचा, हे एका गवंड्याचं एका दिवसाचं. शेड उतरवली की भोकं नीट भरून घ्यायची, मग पाइप बंद करून गच्चीवर दोन-तीन दिवस पाणी उभं ठेवून पाहायचं. हे पाणी चार-पाच सेंटिमीटरच पुरतं आणि ते कोरड्या दिवसांत, डोळ्यांदेखत ठेवायचं. खाली ओल आली तर कुठून आली ते तेव्हाच कळतं. सामान खाली आणायला टेम्पोची एक खेप. आम्ही गाळेधारक वर्गणी काढायला तयार आहोत, हे आधीच्या पत्रातही लिहिलं होतं. इमारत तीस वर्षांची झाली की संरचनेची तपासणी करून महापालिकेला दाखला द्यावा लागतो, आपली इमारत त्याच्या जवळ आली आहे. तेव्हा येणारा इंजिनिअर पहिला प्रश्न गच्चीबद्दलच विचारेल.

"जूनमध्ये बघू" हे तुमचं ठेवणीतलं वाक्य आता कामाचं नाही. २०२५ साली मुंबईत पाऊस २६ मे रोजीच येऊन ठेपला. इतक्या लवकर तो आल्याची नोंद त्याआधीच्या पाऊणशे वर्षांत नाही. गाढी नदी २६ जुलै २००५ ला पनवेलमध्ये कशी शिरली ते तुम्ही आणि मी दोघांनीही पाहिलं आहे. तेव्हा माणसं जीव वाचवायला वरच्या मजल्यांवर आणि गच्च्यांवर गेली होती. त्या दिवशी आपल्या गच्चीला कुलूप असतं तर?

शेठ, तुम्ही या गावातले जुने आहात. गणपतीत मंडळाला देणगी देता, पूरग्रस्तांसाठी तांदळाची पोती पाठवलीत, तेही मी पाहिलं आहे. म्हणून ही मागणी आधी तुमच्याकडे करतो आहे, महापालिकेकडे नंतर. ३० एप्रिलपर्यंत शेड आणि सामान उतरवा. किल्लीची एक प्रत वॉचमनकडे द्या, आणि रात्री त्या दाराला बाहेरचं कुलूप नको, आतून नुसत्या दाबानं उघडेल अशी कडी बसवा. तळोज्याच्या छतावर यंदा फळ्यांशिवाय एकही पोरगा चढवू नका. नाहीतर १ मेच्या सुट्टीनंतर पहिल्या कामाच्या दिवशी आम्ही सगळे गाळेधारक सह्यांचा अर्ज घेऊन महापालिकेच्या अतिक्रमण विभागात आणि अग्निशमन केंद्रात जाऊ. अर्ज लिहून तयार आहे. त्यावर तुमच्या सहीसाठीही जागा ठेवली आहे.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचा एक गाळेधारक
पनवेल